तेवीस नंबरची जागा

ड्वेन हुकस्ट्रा हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. माणूस वाईट नाही, असं गावात सगळे म्हणतात. चर्चचं छप्पर गळायला लागलं की शिडी घेऊन पहिला हजर होणारा तो, शेजाऱ्याच्या दारातला बर्फ न सांगता उपसणाराही तोच. चाळीसहून जास्त वर्षं मीही तेच म्हणत आले. पण गेल्या जूनपासून त्याचं नाव निघालं की माझं तोंड कडू होतं. ते का, हे एकदा सगळं ओकून टाकल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.

आमच्या वेंडेल ग्रोव्हच्या शाळेत तो बसगाड्या दुरुस्त करायचा आणि मी स्वयंपाकघरात होते, एकतीस वर्षं. गॅरेजमध्ये त्याच्या हत्यारांच्या भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असायची, म्हणजे पाना जागेवर नसला तर भिंतच सांगायची. हे सगळं ठीक होतं. बसगाड्यांना तसा माणूस लागतो. त्याच्या बायकोला, आमच्या लव्होनला, तसा माणूस लागत होता का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

अठ्ठ्याऐंशी साली तो तिला आणि दोन मुलांना घेऊन उसन्या तंबूसह पश्चिमेला गेला. बारा दिवसांत नऊ पार्क आणि चार जुने किल्ले. पार्कात शिरलं की कचेरीत टेबलावर तारखेचा एक रबरी शिक्का असतो. छोट्या निळ्या वहीत तो मारून घ्यायचा. लहान पोरांना गंमत म्हणून ती सोय आहे. पोरं तिसऱ्या दिवशी कंटाळली, ड्वेन आजतागायत कंटाळलेला नाही. तीन वह्या भरल्या आहेत. सैन्याचा एक जुना किल्ला त्याने गाडीचं इंजिन चालू ठेवून ‘बघितला’. तो आत पळत गेला, शिक्का मारला, बाहेर आला. लव्होनने दार उघडून एक पाय खाली टाकला होता, तो तिला परत आत घ्यावा लागला. हे तो स्वतः हसत हसत सांगतो, आणि चर्चनंतरच्या कॉफीला जमलेले पुरुषही हसतात.

निवृत्त झाल्यावर त्याने ट्रेलर घेतला. आत पलंग, शेगडी, छोटा संडास, सगळं. पण संडास वापरायचा नाही! टाकी भरते, मग ती कुठेतरी रिकामी करावी लागते, आणि त्याने वेळापत्रक बिघडतं. म्हणून माझी बहीण बारा वर्षं दर उन्हाळ्यात, पाऊस असो की थंडी, पायांत चपला अडकवून कॅम्पातल्या खड्ड्याच्या संडासाकडे चालत जाते. ते संडास मी पाहिलेत. दार उघडलं की आधी माशा बाहेर येतात. मी एकदा जेवणाच्या टेबलावर हा विषय काढला तर ड्वेन म्हणाला, “मर्ना, चालणं गुडघ्यांना चांगलं असतं.”

त्याच्याकडे एक फाइल आहे. पांढरी, उशीएवढी जाड, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत. जेवणाच्या टेबलावर ती असते, म्हणून ती दोघं मांडीवर ताटं घेऊन जेवतात. फाइलमध्ये दर वर्षी तीन प्लॅन असतात: ए, बी आणि सी. तीन वेगळे रस्ते, तीन वेगळ्या याद्या. एप्रिलमध्ये तो त्यातला एक निवडतो आणि बाकीच्या दोहोंवर लाल पेन्सिलने फुली मारतो. पण जागा मात्र त्याने तिन्हींच्या धरून ठेवलेल्या असतात. चांगल्या कॅम्पांच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात, बरोबर सकाळी नऊ वाजता, आणि नऊ वाजून दोन मिनिटांनी संपतात. जूनच्या रात्रीसाठी डिसेंबरात बसायचं. ड्वेन दोन कॉम्प्युटर लावून बसतो, लव्होनच्या हातात फोन देतो, आणि रेडिओवरच्या वेळेशी घड्याळ जुळवतो. एका माणसाला ठरावीकच जागा मिळतात, म्हणून तो घरातल्या सगळ्यांच्या नावाने खाती उघडतो. दोन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या जेवणात त्याने मला विचारलं, “तुझं मधलं नाव काय गं?” मला वाटलं, ख्रिसमसला काहीतरी नाव कोरलेलं देणार. ख्रिसमसला मोजे मिळाले.

फुली मारलेल्या प्लॅनच्या जागा तो सोडत नाही. रद्द करायला दहा डॉलर पडतात, आणि न येणाऱ्याचे पैसे तर आधीच गेलेले असतात, मग आणखी दहा कशाला? एवढाच त्याचा विचार. त्या जागेवर कुणीतरी निजलं असतं, हे त्याच्या डोक्यातच येत नाही. फुली मारली म्हणजे ती जागा जगातून गेली.

लव्होनचे डोळे बिघडल्याचं आम्हाला कळलं तेही अशाच एका डिसेंबरातल्या सकाळी. नऊ वाजले, ड्वेन ओरडला, “दाब!” आणि तिने भलतंच काहीतरी दाबलं. एक जागा गेली. तो टेबलावर हात आपटून म्हणाला, “अगं, एका बोटाचं काम सांगितलं होतं!”

“मला मधलं दिसत नाही,” लव्होन म्हणाली. “बाजूचं दिसतं. मधोमध डाग आहे.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून.”

“मग आधी नाही का सांगायचं? मी कर्टिसला बसवलं असतं.”

कर्टिस त्यांचा मुलगा. हे सगळं मी त्यांच्या सिंकपाशी उभी राहून कॉफी ओतताना ऐकलं, आणि तिथल्या तिथे कॉफी त्याच्या फाइलवर ओतायला हवी होती. ओतली नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवरून घरंगळून गेली असती म्हणा.

डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभरात वाचणं जाईल, माणसांचे चेहरे जातील. कडेचं दिसत राहील. लव्होन रडली नाही. तिने एकच गोष्ट मागितली, आणि मागितली ती ड्वेनकडे, मी समोर असताना.

“एल्क गॅपला जायचंय. अप्पांची चूल बघायचीय. वीस जूनला.”

आमचे वडील एमिल लिंडक्विस्ट. मंदीच्या दिवसांत सरकारने बेकार पोरांना जंगलांत रस्ते, पायऱ्या, कठडे बांधायला पाठवलं, त्यात एकोणीस वर्षांचे अप्पा साउथ डकोटातल्या एल्क गॅपला होते. तिथल्या कॅम्पात त्यांनी दगडी चूल बांधली आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने नाव कोरलं. आयुष्यभर ते दुसऱ्याची शेतं कसत आले, त्यांच्या नावाचा एक दगडसुद्धा कुठे नव्हता. तो एवढा एकच. वीस जून त्यांचा वाढदिवस. आम्ही दोघींनी ती चूल कधी पाहिली नव्हती. ड्वेनने पाहिली होती, म्हणजे त्याच्याकडे एल्क गॅपचा शिक्का होता.

“यादीत टाकतो,” तो म्हणाला. आणि टाकलं त्याने, खोटं कशाला बोलू? सी प्लॅनमध्ये.

एप्रिलमध्ये त्याने बी प्लॅन निवडला. युटा आणि ॲरिझोना, अकरा नवे शिक्के. त्या संध्याकाळी लव्होनने मला फोन केला. तिचा आवाज इतका शांत होता की मला धडकी भरली. “मी यंदा जाणार नाही त्याच्याबरोबर,” ती म्हणाली. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

“मग माझ्याबरोबर चल,” मी म्हटलं. “माझी गाडी आहे, कर्टिसचा तंबू आहे, अजून मेली नाहीये मी.”

पण जागा? मी सात सकाळी कॉम्प्युटरवर बसले. वीस जून, एल्क गॅप: फुल्ल. एकोणीस फुल्ल, एकवीस फुल्ल. शेवटी गेले ड्वेनकडे. मान खाली घालून गेले, कारण या बाबतीत गावात त्याच्यासारखा जाणकार नाही. तो चष्मा लावून बसला, टकटक केलं, मान हलवली.

“फुल्ल आहे. वरातीमागून घोडं आणलंस, मर्ना. डिसेंबरात नऊच्या ठोक्याला बसायचं असतं. लोक काय झोपलेत?”

“एक रात्र तरी?”

“एक तासही नाही. काय लोक असतात बघ, सगळं आधीच अडवून बसतात.”

हे बोलताना त्याचं कोपर फाइलवर होतं.

तो अकरा जूनला ट्रेलर घेऊन एकटा गेला. जाताना त्याने लव्होनला तीन पानी सूचना दिल्या. ती आता एवढं बारीक वाचू शकत नाही हे तो विसरला होता. आम्ही एकोणीसला पहाटे निघालो. हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड, थर्मासात कॉफी. वाटेत कुठे थांबायचं ते लव्होन ठरवत होती, आणि ती दर अर्ध्या तासाने काहीतरी ठरवत होती! रस्त्याकडेची प्रत्येक ऐतिहासिक पाटी आली की “थांब गं.” मी उतरून मोठ्याने वाचायची. कुठे वीस माणसं बर्फात अडकली, कुठे पहिली शाळा. तिसाव्या पाटीला माझा घसा बसला. “तीस वर्षं मी या पाट्या सत्तर मैलांच्या वेगाने बघतेय,” ती म्हणाली. “वाच तू.”

कुणीतरी येणार नाही, एखादी जागा मोकळी होईल, या आशेवर आम्ही वाटेत एक मुक्काम करून वीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता एल्क गॅपच्या दाराशी पोचलो. ‘फुल्ल’ची पाटी लटकत होती. दाराबाहेर कडेला पाच गाड्या उभ्या. एका गाडीत मागच्या सीटवर तीन पोरं एकमेकांवर डोकी टाकून झोपलेली. कॅम्प सांभाळणारी डार्ला नावाची बाई छोट्या गाडीतून आली. साठीची, उन्हाने रापलेली, गळ्यात शिट्टी.

“जागा नाही हो. रिकाम्या दिसतात काही, पण त्या धरलेल्या आहेत. माणूस आला नाही तरी दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत ती त्याचीच.”

“आणि तो येतच नाही?”

“निम्मे येतच नाहीत. कावळे चमकणाऱ्या वस्तू गोळा करतात, तशी ही माणसं जागा धरतात. चूल बघायचीय म्हणता ना? उद्या सकाळी या, सहानंतर बाहेरच्यांना आत सोडता येत नाही. दिवसा बघायला कुणाची ना नाही.”

आमचं नाव तिने विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. ‘फुल्ल’च्या पाटीखाली नाव कशाला सांगायचं?

अप्पांच्या वाढदिवसाची ती रात्र आम्ही चाळीस मैलांवर एका भल्यामोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या सीटा मागे टाकून काढली. डोक्यावर पांढरे दिवे. शेजारच्या ट्रकवाल्याने खिडकीतून चघळलेली तंबाखू आमच्या दाराला लागेल अशी थुंकली. सकाळी मी ती टिश्यूने पुसली, आणि पुसताना मला ज्याचा राग येत होता तो ट्रकवाला नव्हता. कोण होता ते अजून मला माहीत नव्हतं एवढंच.

सव्वाअकराला आम्ही परत एल्क गॅपमध्ये. आत चालत गेलो. कॅम्पातल्या प्रत्येक जागेसमोर लाकडी खुंट असतो, त्यावर चिमट्यात चिठ्ठी: कुणाची जागा, किती तारखेपर्यंत. लव्होन माझा दंड धरून चालत होती. एकवीस, बावीस आणि तेवीस या तिन्ही जागा ओस पडलेल्या. गवत उभं. राखेचा कण नाही. आणि तेवीस नंबरवर, झाडाखाली, दगडी चूल.

“चिठ्ठीवर काय आहे गं?” लव्होनने विचारलं. पाट्या वाचून घेण्याची तिला आता सवय झाली होती.

मी वाचलं. परत वाचलं. मग मागे जाऊन बावीस आणि एकवीसच्या चिठ्ठ्या वाचून आले.

“मर्ना, अगं बोल की. कुणाची आहे?”

“तुझी,” मी म्हटलं. “लव्होन हुकस्ट्रा. वीस जून, एक रात्र. बावीस गर्ट्रूड हुकस्ट्राची.”

“सासूबाई? त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली.”

“आणि एकवीसवर काल रात्री मी झोपले होते म्हणे. मधल्या नावासकट.”

खुंट चाचपून तिने ती चिठ्ठी हातात घेतली, डोळ्यांच्या कडेशी नेली. तिच्या खाली दुसरी चिठ्ठी होती. ती मी वाचली: एकवीस जूनपासून तीन रात्री, टफी हुकस्ट्रा.

टफी त्यांचा कुत्रा. तोही दोन वर्षांपूर्वी मेला.

तेवढ्यात डार्ला तिच्या गाडीतून आली. मी तिला सगळं एका दमात सांगितलं, शिव्यांसकट. तिने लव्होनचं लायसन्स बघितलं, चिठ्ठी बघितली, घड्याळ बघितलं. “बाई, काल दाराशी नाव तरी सांगायचंत. जागा तुमचीच होती. अजूनही आहे, बारापर्यंत. चाळीस मिनिटं.”

चाळीस मिनिटं. डार्लाने स्वतःच्या तंबूतून चार लाकडं आणून दिली. मी चूल पेटवली, थर्मासातली कॉफी त्यावर पुन्हा गरम केली. लव्होन दगडांवरून हात फिरवत होती. नाव उजव्या अंगाला होतं, गुडघ्याच्या उंचीवर, काजळी आणि शेवाळ्याखाली. मी थुंकी लावून रुमालाने पुसलं. एमिल एल., १९३६.

ती खाली बसली आणि समोरच्या पाइनच्या झाडाकडे बघायला लागली.

“अगं इकडे आहे नाव, तिकडे काय बघतेस?”

“नावाकडे बघितलं की ते जातं,” ती म्हणाली. “झाडाकडे बघितलं की येतं. दिसतंय मला. ‘ई’ वाकडा आलाय.”

खरंच वाकडा होता. आम्ही कॉफी प्यायलो. मी रडले, ती नाही.

बाराला पाच कमी असताना डार्ला परत आली, अवघडलेली. “आता पुढच्या तीन रात्री या टफींच्या. ते उद्या दुपारपर्यंत आले नाहीत तर मग बघू.”

मी लव्होनच्या कानाशी लागले. “गप्प बस. सांगू, टफी आमचा भाऊ आहे, रस्त्यात आहे. तीन रात्री मिळतील तुला. त्याने आपलं नाव वापरलं, आपण त्याच्या कुत्र्याचं वापरू. फिटंफाट.”

लव्होनने माझा हात सोडवला. “टफी कुत्रा आहे,” ती डार्लाला म्हणाली. “होता. मेला. गर्ट्रूड माझी सासू, तीही. एकवीस नंबर ही माझी बहीण, तिला माहीतच नव्हतं.”

डार्लाने सुस्कारा सोडला. “हे मला वर कळवावं लागेल, बाई. आणि कळवलं की त्या माणसाने धरलेलं सगळं जातं. सगळीकडचं. आज तो जिथे असेल तिथलंसुद्धा. शिवाय तुम्हालाही ही जागा देता येणार नाही. दाराशी रांग आहे, पहिल्या गाडीचा हक्क.”

“कळवा.”

“व्होनी!” मी ओरडले. “वेड लागलंय का तुला? परत कधी दिसणारे हे?”

“कळवा,” ती पुन्हा म्हणाली. मग माझ्याकडे वळली, म्हणजे माझ्या खांद्याच्या बाजूला. “इतकी वर्षं चर्चमध्ये मीच सांगतेय, चांगल्या जागा मिळतच नाहीत आता, लोक फार झालेत. आणि लोक म्हणजे मी. बोट माझं होतं, मर्ना. नऊच्या ठोक्याला दाबणारं. शिसारी आली मला या चिठ्ठीची.”

डार्लाने पट्ट्याचा वायरलेस काढला आणि नावं वाचायला सुरुवात केली. आम्ही सामान आवरलं. दाराकडे जाताना समोरून ती पोरांची गाडी आत आली. पोरं आता जागी होती, खिडकीतून अर्धी बाहेर, आणि त्यातली एक किंचाळली, “आई, चूल पेटलेलीच आहे!”

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच पार्किंगमध्ये. मी जागा बदलून ट्रकपासून लांब लावली. सात वाजता लव्होनचा फोन वाजला. तिला बटण दिसत नाही म्हणून मी उचलून स्पीकरवर टाकला.

“व्होनी! अगं अनर्थ झाला! मी युटात दाराशी उभा आहे आणि हा पोरगा म्हणतो, तुमचं नावच नाही. इथलं नाही, पुढचं नाही, कुठलंच नाही. कुणीतरी सगळं रद्द केलंय!”

“मी केलं.”

फोनवर त्याचं इंजिन ऐकू येत होतं. चालूच ठेवलं होतं त्याने.

“तू? का पण?”

“मी काल अप्पांच्या चुलीजवळ झोपणार होते ना, ड्वेन. तेवीस नंबरवर. तूच धरली होतीस जागा. मग मी पार्किंगमध्ये का झोपले?”

तो विचार करत होता, हे मला इतक्या वर्षांच्या ओळखीने कळलं. फाइल चाळल्याचा आवाजसुद्धा आला, प्लास्टिकची कुरकुर. मग तो म्हणाला, आणि हे ऐकून माझ्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं, “अगं, पण त्या प्लॅनवर मी फुली मारली होती.”

लव्होनने डोळे मिटले.

“आता मी कुठे झोपू?” त्याने विचारलं. “इथे दोनशे मैलांत जागा नाही. लोकांनी सगळं अडवून ठेवलंय.”

“एखाद्या दुकानाच्या पार्किंगमध्ये झोप,” ती म्हणाली. “आणि तिथे रात्री उठावं लागलं तर ट्रेलरमधला संडास वापर. भरू दे टाकी.”

मी फोन बंद केला. तिने बटाट्याचं सॅलड उरलंय का विचारलं. थोडं होतं, ते तिला दिलं.